तात्यांचं सात डोलकाठ्यांचं जहाज

तात्यांनी मला खोली दिली ती मी "माहीत नाही" म्हणाले म्हणून. त्या खोलीसाठी माझ्या आधी जे जे आले होते ते सगळे माझ्याहून हुशार होते, आणि म्हणूनच त्यांना तात्यांनी गेटाबाहेर काढलं होतं.

पुण्याच्या आयटी कंपन्यांलगतच्या माण गावात खोली शोधत फिरायला लागलं की घरमालक काय विचारणार ते पाठच होऊन जातं. गाव कोणतं, आडनाव काय, कंपनी कोणती, लग्न झालंय का, मित्रमंडळी येतात का. तात्यांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. जिन्याखालच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं आणि म्हणाले, "वाच. आन मराठीत सांग."

कॅलेंडर कधीच सरलेल्या वर्षाचं होतं. कुठल्याशा परदेशी जहाज कंपनीचं सॉफ्टवेअर करणारा एक भाडेकरू ते मागे ठेवून गेला होता. जगात आजवर बांधलेली सगळ्यात मोठी शिडाची जहाजं, प्रत्येक पानावर एक. उघडं होतं त्या पानावर सात डोलकाठ्यांचं जहाज होतं आणि खाली बारीक इंग्रजी. मी वाचून सांगितलं, की जहाज पोलादी आहे, मालवाहू आहे, सात डोलकाठ्यांचं असं दुसरं झालं नाही, आणि ते वादळात बुडालं.

"का बुडालं?"

"ते इथं लिहिलेलं नाही."

"पर तुला काय वाटतं?"

"मला माहीत नाही, तात्या."

तात्यांनी कोपरीच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी उचलायला हात पुढं केला तर परत मुठीत घेतली. "म्हाईत न्हाई म्हनायचं, ह्ये कुणी शिकवलं तुला?"

मी परभणीकडची. आमच्याकडे तोंडाला लगाम नसतो. "आईनं," म्हटलं, "द्यायची तर द्या, नाहीतर मला जांब्याला अजून खोल्या बघायच्यात." तेव्हा कुठं किल्ली मिळाली.

आता संशय ही गोष्ट मला नवी नव्हती. मी टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी केलेलं काम माझ्याकडे येतं, ते छातीठोक सांगतात की एकदम ओके आहे, आणि ते कुठं ओके नाही हे शोधून काढायचा मला पगार मिळतो. पण मी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की संशयही मिटतो. तात्यांचं तसं नव्हतं. ते पहाटे डोळे उघडले की आधी उजाडल्याचाच संशय घेत असावेत.

त्यांच्या खोलीत दोन घड्याळं होती, शेजारी शेजारी. एकावर विसंबायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. दोघांत फरक पडला की जिन्यातून जाणाऱ्या भाडेकरूला थांबवून तिसरी वेळ विचारायची, आणि तो आपल्या मोबाइलात बघून सांगायला लागला की, "मोबाइलला कोन सांगतं?" दूध दोघा गवळ्यांकडून यायचं. काकू, म्हणजे तात्यांची बायको, दोन्ही दुधं वेगळी तापवायच्या, तात्या दोन्हींची साय बोटानं उचलून बघायचे आणि शेवटी दोन्ही गवळ्यांना चोर ठरवून दोन्ही दुधांचा एकच चहा व्हायचा. काकू बिचाऱ्या हसायच्या. "लग्नाआधी मला बघायला तीनदा आले व्हते," त्या एकदा म्हणाल्या. "दुसऱ्या बारीला म्हनं, आधी दावलेली पोरगी हीच कशावरनं?"

कुठलीही बातमी सांगून झाली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य यायचं. "असं म्हनतेत. मी बघितलं न्हाई." सरपंच निवडून आला, असं म्हनतेत. भाव वाढला, असं म्हनतेत. शेजारच्या आळीतले एक म्हातारबाबा गेले, त्यांच्या तिरडीमागून चालून आल्यावरही जिन्यात मला म्हणाले, "गेला म्हनतेत."

समुद्र त्यांनी जन्मात एकदा पाहिला. ताम्हिणी उतरून दिवेआगरला गेले होते कुणाच्या तरी जीपमधून. पाण्यात बोट बुडवून चाखलं, थुंकले, पुढं चालत जाऊन पुन्हा चाखलं. "सगळीकडं खारंच हाय का, का काठालाच कुणी मीठ टाकलंय?" हे काकूंनी सांगितलं. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "ती कुटं व्हती तितं?"

अशा माणसाला ही जहाजं का लागावीत, हे मला पुष्कळ दिवस कळेना. आणि खरं सांगते, मलाही शंकाच होती. कॅलेंडरच्या नावाखाली हा म्हातारा आपल्याकडून काहीतरी काढून घेतोय, असं वाटायचं. जिन्यातून जाताना मी उगाच वेगानं जायची.

मग एक दिवस कारण समजलं. आमची इमारत चार मजल्यांची. खाली पार्किंग, एका कोपऱ्यात तात्यांची जिन्याखालची खोली, पहिल्या मजल्यावर घरची मंडळी, वर आम्ही भाडेकरू. तात्यांच्या मुलाला, म्हणजे आम्ही ज्याला दादा म्हणायचो त्याला, वर आणखी तीन मजले चढवायचे होते. चारावर तीन, सात. कंपन्या वाढतायत, पोरं वाढतायत, खोलीला रांग लागलीय, तर आपण का मागं राहायचं, हे दादाचं. तात्यांचं म्हणणं, चाराच्या पायावर सात उभे राहणार नाहीत, एक दिवस सगळं खाली येईल आणि वरची-खालची लेकरं त्यात जातील. घरात रोज तोच विषय. दादा म्हणायचा, "तात्या, तुम्ही सायीवर पण संशय घेता. तुमचं कुणी ऐकायचं?"

आणि तेच तर होतं. ज्यानं जन्मभर सगळ्यावरच बोट ठेवलं, त्याचं बोट खरोखरच्या भेगेवर पडलं तरी बघणार कोण? भेग होती की नव्हती, तेही मला सांगता यायचं नाही. इंजिनिअरला बोलवा म्हटलं तर दादा म्हणे, "आहे ना, कॉन्ट्रॅक्टर माझा मित्रच आहे." तात्या म्हणे, "मित्र हाय म्हनूनच नको." एवढं मात्र कळलं, की सात डोलकाठ्यांचं पान तात्या का उलटत नव्हते. येईल त्या शिकलेल्या माणसाला ते विचारत होते, हे का बुडालं.

भाडेकरूंनी मात्र त्या प्रश्नाची पुरती वाट लावली. आपल्याकडे इंटरव्ह्यूचे प्रश्न फुटतात तसे तात्यांचे प्रश्न फुटले. आधीच्या पोरांनी येणाऱ्या पोरांना उत्तरं पाठवायला सुरुवात केली. व्हॉट्सॲपवर "तात्या राउंड" नावाचा मजकूर फिरायला लागला. पोलादी आहे म्हणा, सात डोलकाठ्या म्हणा, का बुडालं विचारलं तर हात जोडून माहीत नाही म्हणा, किल्ली तुमची. एकामागून एक पोरं येऊन तेच शब्द त्याच क्रमानं म्हणायला लागली. तात्यांचं डोकं फिरलं. "समदी येकच बोलतेत. ठरवून आल्यात."

त्यांनी काय करावं? पान उलटलं. पुढच्या पानावर पाच डोलकाठ्यांचं जहाज. नागपूरकडचा एक मुलगा आला, टापटीप, पाय जुळवून बसला. तात्या म्हणाले वाच. त्यानं चित्राकडे धड पाहिलंसुद्धा नाही आणि खडाखडा सुरू केलं, "पोलादी आहे, सात डोलकाठ्या आहेत..."

"मोज," तात्या म्हणाले.

त्यानं मान वर केली. मी दारातच होते, मला हसू आवरेना. त्या मुलानं चित्राकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, दोन मागच्या बाजूला असतील." पाय जुळवून बसलेला तो मुलगा तसाच पाय जुळवून बाहेर गेला.

पाच डोलकाठ्यांचं ते जहाज मीच मग तात्यांना नेटवर वाचून सांगितलं. त्या जहाजात एका खेपेला पियानोसुद्धा भरलेले होते. इंग्लंडजवळच्या चिंचोळ्या समुद्रात एका आगबोटीनं त्याच्या पुढ्यातून आडवं जायचं ठरवलं. शिडाचं जहाज, येऊन येऊन किती वेगानं येणार, असं आगबोटीच्या कप्तानाला वाटलं. अंदाज चुकला आणि टक्कर झाली. पुढं वाऱ्यानं ते मोठं जहाज खडकावर जाऊन बसलं.

तात्यांना ही गोष्ट बेहद्द आवडली. "आगबोटवाल्याला संशयच आला न्हाई," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "एवढासा जरी आला असता तरी वाचली असती सगळी."

मी त्यांना हेही सांगितलं, की ही सगळ्यात मोठी शिडाची जहाजं आगबोटी आल्यानंतर बांधली. त्यांच्याशी टक्कर द्यायची म्हणून शिडं वाढवली, डोलकाठ्या वाढवल्या आणि माणसं कमी केली. "आपल्याकडं बी तसंच," तात्या म्हणाले. "नांगराला बैल व्हते तवा कुणी त्यास्नी ढुंकून बघत नव्हतं. जमिनी गेल्या, बैलं दावणीला बसली, आन मग यात्रंत लाखालाखाची बैलं आली, डीजे आला, फ्लेक्स आलं. जायच्या वक्ताला मान्सं लई मोठं करतेत." हे बोलताना त्यांचा आवाज पडला होता. "असं म्हनतेत" ते म्हणाले नाहीत.

मग तो रविवार. दादानं सगळ्या भाडेकरूंना सकाळी गच्चीवर बोलावलं. वहिनींनी पोहे केले होते. दादानं सांगितलं की काम सुरू करतोय, थोडी धूळ होईल, पण लिफ्ट येईल, वायफाय येईल आणि तुमचं भाडं वाढणार नाही. पोरं खूश. कॉन्ट्रॅक्टर मित्रही आला होता, तो म्हणाला, "काही होत नाही तात्या. सगळं पोलादी काम आहे."

"ते बी पोलादीच व्हतं," तात्या म्हणाले. कॉन्ट्रॅक्टरला काही कळलं नाही. आम्हाला कळलं.

तात्या एकेकासमोर जाऊन उभे राहायला लागले. "वर तीन चढल्यावर तू खाली ऱ्हाशील?" हो तात्या. "तू?" चालेल की तात्या. पोह्यांची बशी हातात असताना कोण नाही म्हणतंय? माझ्यासमोर आले. मी म्हटलं, "मी नाही राहणार. पाया तपासल्याशिवाय मी माझी गाडीसुद्धा इथं लावणार नाही."

मला वाटलं, म्हातारा आता माझ्या पाठीवर हात ठेवेल. तात्यांनी डोळे बारीक केले. "माझ्यासारकंच बोलतीयास. तुला कुणी शिकवलं? तुझा काय फायदा हाय यात?"

कपाळावर हात मारून घेतला मी. सगळे हसले. त्या हसण्यात विषय संपलाच होता, दादा कॉन्ट्रॅक्टरला तारीख विचारायला लागला होता. तेवढ्यात तात्या गच्चीच्या कठड्याला टेकले आणि मला म्हणाले, "त्या सात काठ्यांच्या जहाजावरची मान्सं वाचली का?"

"दोघंच वाचले, तात्या. एक त्यातला कप्तान."

"कप्तान वाचला? कसा काय वाचला?" क्षणभर ते त्या कप्तानाच्याच मागं लागतील असं वाटलं. पण नाही. "ते ऱ्हाऊ दे. मालक कुटं व्हता?"

हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. कुठल्याच परीक्षेत नाही. मी म्हटलं, "मालक घरी असणार तात्या. मालक कशाला जहाजावर जातोय?"

तात्या मुलाकडे वळले. "मग तू सांग. सात मजलं झाल्यावर तू कुटं ऱ्हानार?"

"इथंच की. कुठं जाणार?" दादा म्हणाला. पण म्हणताना त्यानं कॉन्ट्रॅक्टरकडे पाहिलं.

वहिनी कपांचा ट्रे घेऊन जिन्याच्या तोंडाशी आल्या होत्या. त्यांनी ट्रे टाकीवर ठेवला. "अहो, खोटं कशाला बोलताय? भुकूमला फ्लॅट घेतलाय आपन. मामंजी, मीच म्हनले घ्या. ह्या सात मजल्यांखाली मी माझी पोरगी झोपवनार न्हाई."

काकूंनी हातातली बशी खाली ठेवली. फ्लॅटचं त्यांनाही माहीत नव्हतं. दादाचा चेहरा लालबुंद झाला आणि तो तरातरा खाली निघून गेला. कॉन्ट्रॅक्टरनं उरलेले पोहे संपवले आणि तोही गेला. तीन मजल्यांचा बेत तिथंच राहिला. आपली बायको ज्या छपराखाली झोपायला तयार नाही, त्याखाली दुसऱ्याची लेकरं ठेवायची, हे दादाला चारचौघांत म्हणता येईना. तो वाईट माणूस नव्हता हो. बाकीचे सगळे करतायत तेच त्याला करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला निघाले तर तात्या जिन्यात उभे. मला वाटलं, आता तरी समाधान असेल.

"सून येवढं खरं का बोलली गं?" त्यांनी हळूच विचारलं. "काय डाव आसंल तिचा?"

"तात्या, तिची लेक आहे. एवढाच डाव."

"व्हय," ते म्हणाले, पण मान काही हलली नाही.

इमारत चार मजल्यांचीच राहिली, आणि दादा, वहिनी, नात भुकूमला राहायला गेले. जायचं तर होतंच, आता रागावून गेले. पहिला मजला रिकामा झाला. काकूंनी अन्न टाकल्यासारखं केलं. दर रविवारी त्या रिक्षा करून भुकूमला जायच्या, आंबेमोहोराचे तांदूळ, शेवग्याच्या शेंगा असलं काहीबाही घेऊन. तात्या जायचे नाहीत. "कितवा मजला?" अकरावा. "बांधली कुणी? तो बांधनारा ऱ्हातो का तितं?" बिल्डर पुण्यात राहतो म्हटल्यावर विषयच मिटला. "मग मी कशापायी जाऊ?"

मला त्यांचा राग यायचा. एकदा तोंडावर म्हटलंसुद्धा, "तात्या, तुम्ही इमारत वाचवली, पण त्यात राहायला कोण उरलं?" ते दोन्ही घड्याळांना चावी देत बसले. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागं घेतला नाही.

मग एका रविवारी काकू भुकूमहून परतल्या त्या हसत-रडत. नात म्हणाली होती, आजोबा येतील येतील म्हणतेस, ते खरं नाही. आणि पुढं म्हणाली, आजी, मला अजून आजोबा आहेत हे कशावरून?

तात्या ताडकन उठले. "माझ्यावर संशय घेती?" त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की आनंद, मला आजही सांगता येणार नाही. "माझी नात माझ्यावर संशय घेती?" धोतर बदललं, टोपी झटकली आणि मला म्हणाले, "काढ गं तुझी गाडी."

माझ्या जुन्या गाडीतून लवळ्याच्या बाजूनं आम्ही निघालो, काकूही परत आमच्याबरोबर. वाटेत प्रत्येक वळणावर हाच रस्ता कशावरून हे सांगावं लागलं. भुकूमची सोसायटी मोठी, तीन टॉवरची. वॉचमननं रजिस्टर पुढं केलं तर तात्यांनी आधी त्यालाच विचारलं, तू कुटं ऱ्हातोस. तो म्हणाला, खालीच, पंपाच्या खोलीत. तात्यांनी एवढं ऐकून मान डोलावली.

लिफ्टमध्ये ते गेले नाहीत. काकू गेल्या. आम्ही दोघं जिन्यानं. दर मजल्यावर ते थांबायचे, भिंतीला कान लावायचे, तुळईखाली जाऊन वर बघायचे. सातव्यावर दम लागला तर पायरीवर बसले. मी म्हटलं, आता लिफ्टनं जाऊ. "गप," ते म्हणाले, "मोजू दे मला."

दहाव्याच्या जिन्यात वरून पावलं वाजली. नात धावत उतरत आली आणि दोन पायऱ्या वरच थांबली. तिनं तात्यांना टोपीपासून चपलांपर्यंत निरखून पाहिलं.

"खरंच तुम्हीच का?" तिनं विचारलं.

"बघ तपासून," तात्या म्हणाले, आणि हात पुढं केला.

तिनं त्यांचा हात धरला आणि वर नेलं. दादानं दार उघडं ठेवलं होतं. कुणी मागचं काही काढलं नाही. वहिनींनी पाणी दिलं, दादानं खुर्ची ओढली. तात्या बसले, घर सगळं पाहिलं, छताच्या एका कोपऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. चहा झाला. ऊन उतरायला लागलं तशी मी उठले, म्हटलं, चला तात्या, माणला पोचेपर्यंत अंधार होईल.

तात्या उठले नाहीत. मांडीवर नात होती. "तू जा," ते म्हणाले. "आमी दोगं ऱ्हातो हितं आज."

"इथं?" दादाच्याच तोंडून निघालं. "तात्या, अकरावा मजला आहे."

"ठावं हाय मला," तात्या म्हणाले. "माझा काय ह्या भिंतीवर भरोसा न्हाई. पर पडलंच, तर सगळी संगं तरी असू."